पंचवीस तारखेचं गणित

काळेवाडीतली तिसऱ्या मजल्यावरची ती खोली आम्ही मागच्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी पाहिली. पुढे एजंट, मधे पोरगा, मागे दम खात मी. एजंटने कुलूप काढलं, दिवा लावला आणि सरळ जाऊन समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तिथूनच सांगू लागला. पाणी दोन्ही वेळ, ओटा ग्रॅनाइटचा, गाडी खाली लागते, मालक वरच राहतात पण कटकट नाही. बोलणं अखंड चालू होतं, पण माणूस जागचा हलत नव्हता. शेवटी पोराने खिडकी उघडून बघायची म्हणून त्याला बाजूला व्हायला लावलं, तेव्हा त्याच्या पाठीमागचा ओलीचा पिवळट डाग दिसला. चांगला ताटाएवढा.

“रंग मारून मिळेल,” एजंट म्हणाला.

भाडं साडेआठ हजार. डिपॉझिट पंचवीस. एजंटचं एक महिन्याचं. लाइट वेगळी.

पोरगा माझ्या शाळासोबत्याचा. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, वय सव्वीस, नोकरी बाणेरला एका कंपनीच्या बॅक ऑफिसात. तीन वर्षं कॉट बेसिसवर काढली. एका फ्लॅटमध्ये सहा जण, बाथरूम एक, आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा तर जिन्यात बसून. त्याला आता स्वतःचं दार हवं होतं. जिना उतरून खाली आलो तसा त्याने विचारलं, “काका, परवडंल का?”

मी ‘हो, न परवडायला काय झालं’ म्हणणारच होतो. पुण्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला साडेआठ हजार ऐकून स्वस्तच वाटतं. पण पगार त्याचा होता. मग आम्ही समोरच्या टपरीवर बसलो, त्याने पाठीवरच्या पिशवीतून वही काढली आणि सगळं मांडायला घेतलं.

पहिल्याच ओळीला अडलो. पगार किती? त्याने सांगितलं, “तीन साठ.” म्हणजे वर्षाचं पॅकेज तीन लाख साठ हजार. भागिले बारा, महिना तीस हजार. लग्नाच्या बैठकीत हाच आकडा सांगतात, घर बघायला जातानाही हाच डोक्यात असतो. पण तीस हजार त्याने आजवर एकदाही एकरकमी पाहिलेले नाहीत. मूळ पगार पंधरा हजार. कंपनी भरते तो भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, अठराशे, याच तिसांत धरलेला. ग्रॅच्युइटीचे सातशे बावीसही त्यातच, आणि ते मिळणार पाच वर्षं टिकला तर. उरले सत्तावीस हजार चारशे अठ्ठ्याहत्तर. त्यातून त्याच्या स्वतःच्या हिश्शाचे अठराशे आणि व्यवसाय कराचे दोनशे गेले. हातात पंचवीस हजार चारशे अठ्ठ्याहत्तर. फेब्रुवारीत त्याहून शंभर कमी, कारण महाराष्ट्रात व्यवसाय कर त्या महिन्यात तीनशे कापतात आणि वर्षाचे अडीच हजार पुरे करतात. एकवीस हजारांवर पगार गेला म्हणून राज्य विमा योजनेतूनही तो बाहेर. दवाखाना खिशातून.

तर भाडं तीस हजारांच्या हिशेबाने अठ्ठावीस टक्के होतं, आणि हातातल्या पैशाच्या हिशेबाने जवळजवळ साडेतेहतीस. खोली तीच, पोरगा तोच.

“तीस टक्क्यांच्या आत पाहिजे म्हणतेत ना?” त्याने विचारलं.

म्हणतात खरं. मोबाइलवर पैशाचे सल्ले देणारे सगळे म्हणतात. हे तीस टक्के आले कुठून, ते एकदा बघण्यासारखं आहे. अमेरिकेत गरिबांसाठी सरकारने बांधलेली घरं होती. त्यांचं भाडं वाढत चाललं, तेव्हा एडवर्ड ब्रुक नावाच्या सिनेटरच्या पुढाकाराने १९६९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, की अशा घरात राहणाऱ्याकडून उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही. १९८१ मध्ये सरकारला पैसे कमी पडू लागले, म्हणून पंचविसाचे तीस केले. एवढीच याची कुळकथा. सरकारने आपल्या भाडेकरूकडून किती घ्यावं याची ती मर्यादा होती. खासगी मालकाच्या खोलीत राहणाऱ्या पुण्यातल्या पोराने काय खावं नि काय उरवावं, याचा विचार त्यात कोणी केलेला नव्हता.

आपल्याकडचं सरकारही काही एका फूटपट्टीवर चालत नाही. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात घरभाडे भत्त्याची सूट काढताना भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा करायचे, म्हणजे एवढं भाडं तर माणूस सहज भरतोच असं गृहीत होतं. ज्यांना असा भत्ता मिळत नाही त्यांच्यासाठी वेगळं कलम होतं, त्यात सूट महिन्याला फार तर पाच हजारांची. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्याला मुंबई-पुण्यासारख्या ‘एक्स’ वर्गाच्या शहरांत घरभाडे भत्ता किमान पाच हजार चारशे ठरवला. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या अठरा हजार मूळ पगाराचे ते बरोबर तीस टक्के. एवढ्यात मुंबईत काय मिळतं ते विचारू नका. पुण्यात एक कॉट मिळते, आणि भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा. आणि आमच्या पोराला तर यातलं काहीच लागू नव्हतं. नव्या कररचनेत या पगारावर करच बसत नाही, मग सूट कशातून घ्यायची?

मला मात्र टक्क्यांपेक्षा आमच्या काकू आठवत होत्या.

१९९८ मध्ये मी अंबाजोगाईहून पुण्याला आलो तो सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात उतरलो. वरच्या मजल्यावर माडीसारखी खोली, त्यात आम्ही तिघं. छपाईच्या कारखान्यात मुद्रितं तपासायचो, पगार अठ्ठावीसशे. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. खोली दाखवली, आणि डिपॉझिटबद्दल चकार शब्द न काढता त्यांनी विचारलं, “पंचवीस तारखेला खिशात किती असतात?” मला प्रश्नच कळला नाही. मी पगार सांगितला. “पगार नाही विचारला. एक तारखेला काय, सगळेच राजे असतात. पंचवीस तारखेला किती असतात?” मी खरं सांगितलं, की पन्नास-साठ. त्यांनी भाडं पाचशेचं साडेचारशे केलं. वर म्हणाल्या, उपाशी भाडेकरू जिन्यात बसतो आणि बल्ब चोरतो. ही दया होती की व्यवहार, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

तर त्या दिवशी टपरीवर आम्ही पंचवीस तारीख मांडायला घेतली. वहीचं ते पान असं होतं:

“भाडं ८,५००. लाइट-पाणी ९००. मेस ३,४००. चहा-नाष्टा १,५००. पास १,५००. मोबाइल ३००. घरी ५,०००.”

यातल्या दोन-तीन ओळींवर थांबायला हवं. लाइटचा आकडा त्याला मोठा वाटत होता. एक पंखा, एक दिवा, मोबाइलचा चार्जर, त्याला एवढं कसं? तर अशा इमारतींत पुष्कळदा मीटर एकच असतो, मालकाच्या नावाचा, आणि खोल्यांना सबमीटर. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत त्याच्या वर, पाचशेपर्यंत त्याहून वर. सहा खोल्यांचे युनिट एका मीटरवर पडले की त्यातले बरेचसे वरच्या टप्प्यांत जातात. चाळीस युनिट जाळणाऱ्यालाही त्या वरच्या दराचा वाटा उचलावा लागतो. यात मालकाने लबाडी केलीच पाहिजे असं नाही, मीटर एकच असला की एवढं आपोआप होतं. स्वतंत्र मीटर आहे का, हा प्रश्न म्हणूनच ग्रॅनाइटच्या ओट्याच्या आधी विचारायचा.

पासचा आकडा त्याच महिन्यात बदलला होता. १ जून २०२५ पासून पीएमपीचा दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालणारा मासिक पास नऊशेवरून पंधराशेवर गेला, दिवसाचा चाळीसवरून सत्तरवर. सहाशे रुपये म्हणजे त्याच्या हातातल्या पगाराचे जवळजवळ अडीच टक्के, एका रात्रीत. घर ऑफिसपासून लांब घेतलं म्हणून भाडं कमी, हे बरोबर, पण भाड्याचा तो कमीपणा बसभाड्याच्या भरवशावर असतो.

आणि घरी पाच हजार. टक्क्यांच्या कुठल्याच नियमात ही ओळ मला सापडली नाही. धाकटी बहीण लातूरला शिकते, वडिलांचं पाच एकर कोरडवाहू. ही ओळ कमी-जास्त होत नाही. मेस सोडता येते, वडापाववर दिवस काढता येतो, पण पाच तारखेला घरी पैसे गेलेच पाहिजेत. खरं तर त्याचा पगार साडेवीस हजार आहे, असं धरूनच बसायला हवं.

बेरीज झाली एकवीस हजार शंभर. उरले चार हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर. पोरगा खूश झाला. मी म्हटलं, थांब. महिन्यातून एकदा गावी जाणं-येणं, बाराशे. कपडे, डॉक्टर, कोणाचं लग्न, चप्पल तुटली, हजार. उरले दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर.

“तरी उरतेत की.”

उरतात. पण घरात शिरताना लागतात ते कुठे लिहिले आपण? पहिलं भाडं साडेआठ, डिपॉझिट पंचवीस, एजंटचे साडेआठ, अॅग्रीमेंटचे दीड, टेम्पोचे अडीच. शेहेचाळीस हजार. जवळजवळ दोन पगार, तेही पहिल्या दिवशी, रोख. माझ्या मते भाडं परवडतं की नाही याचा निकाल इथेच लागतो. दर महिन्याला साडेआठ हजार देऊ शकणारी हजारो माणसं या शहरात कॉटवर झोपतात, कारण शेहेचाळीस हजार त्यांच्याकडे एका वेळी कधी जमत नाहीत. मग कोणी सोनं गहाण ठेवतं, कोणी मोबाइलवरच्या अॅपकडून उचलतं, कोणी भिशी लवकर उचलून पुढचे हप्ते भरत बसतं. डिपॉझिटवर मालक व्याज देत नाही, पण ते भरायला काढलेल्या पैशावर भाडेकरू व्याज भरतो. ही ओळही वहीत कोणी लिहीत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी नमुना म्हणून आदर्श भाडेकरू कायदा काढला, त्यात घरासाठीचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं बांधलेलं आहे. नमुना म्हणजे राज्याने घेतला तर. मुंबईत तर ‘हेवी डिपॉझिट’ नावाची वेगळीच रीत आहे. काही लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाममात्र, किंवा नाहीच. मालक त्या पैशावर आपली सोय बघतो. भाडेकरूला फुकट राहिल्यासारखं वाटतं, आणि पैसे परत मिळेपर्यंत रात्री झोप लागत नाही.

डिपॉझिट निदान परत येतं. येतं म्हणजे, यावं. २००४ मध्ये कोथरूडच्या एका घराचं माझं डिपॉझिट पंधरा हजार होतं, परत हातात आले नऊ. बाकीचे ‘रंगाचे’. मी राहायला आलो तेव्हाही तो रंग तसाच होता, हे सिद्ध करायला माझ्याकडे फोटो नव्हता. म्हणून काळेवाडीत मी पोराला सगळ्यात आधी त्या ओलीच्या डागाचा फोटो काढायला लावला, आणि तो मालकाला पाठवायलाही. जाताना त्याच्याच नावावर पडला असता तो डाग.

एजंट, अॅग्रीमेंट आणि टेम्पो मात्र गेले ते गेले. साडेबारा हजार. करार अकरा महिन्यांचा, म्हणून हे अकरा महिन्यांत वाटले तर महिन्याला अकराशे छत्तीस. तेवढं भाडंच जास्त आहे असं समजायचं. मग उरतात एक हजार बेचाळीस.

पंचवीस तारखेचा आकडा हा. टक्के साडेतेहतीस असोत की अठ्ठावीस, पंचवीस तारखेला पोराकडे हजार रुपये असतील आणि एक आजारपण त्यांना पुरून उरेल. भाडं परवडतं का हे भाड्याकडे बघून कळत नाही. भाडं दिल्यावर जे राहतं त्यात महिना निघतो का, ते बघावं लागतं. अमेरिकेतल्या मायकल स्टोन नावाच्या अभ्यासकाने हाच विचार पुस्तकात मांडला आहे. काकूंनी तो जिन्यात उभं राहून सांगितला होता.

टक्का किती फसवा असतो याचा एक जुना दाखला मुंबईत आहे. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने शहरातल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. निम्म्याहून जास्त खर्च खाण्यावर होता. घरभाड्यावर होता जेमतेम आठ टक्के. आजच्या कुठल्याही सल्लागाराने पाठ थोपटावी असा आकडा. पण ही कुटुंबं बहुतेक सगळी एका खोलीत राहणारी होती, आणि खोलीत कुटुंबाखेरीज गाववाले असत. पाळीवर गेलेल्याच्या वळकटीच्या जागी पाळीवरून आलेला आडवा होई. जेवण खानावळीत, अंघोळ नळावर, झोप पॅसेजमध्ये. भाडं आठ टक्के होतं, कारण त्या पैशात घर असं काही मिळतच नव्हतं. त्याच काळात सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या केल्या, त्यांतली खोली एकशे साठ चौरस फुटांची. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला आता पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांचं घर मिळू लागलं आहे. शंभर वर्षांनी.

मधल्या काळात भाडं कायद्याने गोठवलं गेलं. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं आणि ते पुढे वर्षानुवर्षं तसंच राहिलं. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून मालकाने हात झटकले, आणि भाडं नाममात्र म्हणून भाडेकरू हलेना. पागडी यातूनच फोफावली. हे प्रमाण भाडं कालांतराने अन्याय्य ठरलं असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला चार टक्के वाढ आली. पण नव्याने घर भाड्याने घेणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. तो कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नाही, तो ‘लायसन्सी’. लीव्ह अँड लायसन्सच्या कागदावर त्याला राहण्याची परवानगी दिलेली असते, हक्क नाही. मुदत संपल्यावर राहिला तर दुप्पट दराने भरपाई. दादरच्या एखाद्या जुन्या इमारतीत एकाच जिन्यावर डावीकडे तीन आकडी भाडं आणि उजवीकडे पाच आकडी, हे त्यामुळेच दिसतं. दोघांचे पगार सारखे असू शकतात.

अकरा महिन्यांची गंमत त्यातलीच. १९०८च्या नोंदणी कायद्याने वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रुळली. महाराष्ट्रात या पळवाटेचा उपयोग नाही. इथे १९९९च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे अकरा काय नि पाच काय, करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिवाय वाद झालाच तर अटी काय होत्या याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. हे कलम भाडेकरूंना ठाऊक नसतं. एजंटांना असतं. पळवाट बंद झाली पण अकराची सवय राहिली, आणि सवयीत एजंटचं उत्पन्नही आहे. दर अकरा महिन्यांनी अंगठा, दर अकरा महिन्यांनी काहीतरी.

भाडं कमी म्हणजे घर स्वस्त, हाही एक भ्रम. तो माझा बदलापुरात फिटला.

तिथे मी ज्यांच्याकडे गेलो ते परळला छापखान्यात मशिनवर आहेत. हातात एकतीस हजार. बदलापूरच्या पश्चिमेला वन बीएचके, भाडं साडेसात हजार. हॉलला खिडकी, खिडकीतून डोंगर दिसतो. आधी ते कुर्ल्याला एका खोलीत होते, तिथे मालकाने चौदा हजार मागितले तेव्हा उठले. महिन्याला साडेसहा हजारांची बचत, आणि लोकलचा सेकंड क्लासचा मासिक पास अजून चारशेच्या आत मिळतो. कागदावर सौदा बिनतोड.

मी सकाळी त्यांच्याबरोबर निघालो. पाच पन्नासला घर, रिक्षा, प्लॅटफॉर्म, अंबरनाथ यायच्या आधीच अंगाला अंग. बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर, परळ त्याच्या थोडं अलीकडे. दारापासून दारापर्यंत दोन तास. ते एका हाताने वरची कडी धरून झोपतात. खरोखर झोपतात, ठाणं आलं की आपोआप डोळे उघडतात. जाऊन-येऊन चार तास. कुर्ल्याहून दीड तास लागत असे. जादाचे अडीच तास, महिन्याचे पंचवीस दिवस, साडेबासष्ट तास. मी लोकलमध्येच हिशेब केला. साडेसहा हजार भागिले साडेबासष्ट, एकशे चार रुपये. कडी धरून उभं राहण्याची तासाची मजुरी. मशिनवर त्यांना तासाला एकशे अडतीस पडतात.

आकडा त्यांना सांगितला तर हसले. “म्हणजे दुसरी ड्युटीच की हो ही.”

संध्याकाळी वहिनींनी चहा ठेवला आणि राहिलेली बाजू सांगितली. कुर्ल्याला असताना त्या साकीनाक्याला एका पॅकिंगच्या कारखान्यात जात. नऊ हजार मिळत. बदलापूरहून ते जमेना. मुलगी शाळेतून साडेबाराला येते, तिला बघायला तिथे शेजारच्या आजी होत्या, इथे कोणी नाही. नोकरी सुटली. म्हणजे भाड्यात साडेसहा हजार वाचले आणि मिळकतीत नऊ हजार गेले. स्वस्त घर महिन्याला अडीच हजारांनी महाग पडलं. “पण भावोजी,” त्या म्हणाल्या, “तिथे हिला खोकला हटत नव्हता. इथे आल्यापासून औषधाची बाटली आणलेली नाही.” ही ओळ मी कुठल्या रकान्यात लिहू? मी वही मिटली.

मालकांची बाजूही थोडी ऐकावी. साठ लाखांच्या घराला महिन्याला पंधरा हजार भाडं येतं, म्हणजे वर्षाला तीन टक्के, मेंटेनन्स आणि घरपट्टी जायच्या आधी. तेच घर घ्यायला पंचेचाळीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता एकोणचाळीस हजारांचा. भाड्याच्या अडीच पटीहून जास्त. म्हणून मालकाला भाडं थोडं वाटतं, भाडेकरूला पगाराकडे बघून ते जड वाटतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. कित्येक मालक तर एवढ्याशा भाड्यासाठी ही यातायातच नको म्हणून कुलूप लावून ठेवतात. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली होती. ही घरं बंद आहेत आणि सहा जणांत एक बाथरूमही आहे.

पोराने खोली घेतली. परवडते म्हणून नाही, हजार रुपयांच्या काठावर राहायची त्याची तयारी होती म्हणून. बँकेची परीक्षा दोनदा दिली, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. डाग पावसाळ्यात परातीएवढा झाला. यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन आला, आवाज पडलेला. मालक दहा टक्के वाढ मागत होते. साडेआठशे. “काका, दुसरी खोली बघू का?”

मी त्याला म्हटलं, वही काढ. साडेआठ हजारांचीच दुसरी खोली मिळाली असं धरू. पुन्हा एजंट, पुन्हा टेम्पो, पुन्हा अॅग्रीमेंट, साडेबारा हजार, महिन्याला अकराशे छत्तीस. उरणार तेच हजार बेचाळीस. आणि इथेच राहून वाढ दिली तर? भाडं साडेआठशेने जास्त, पण एजंट नाही, टेम्पो नाही. अॅग्रीमेंटचे दीड हजार, महिन्याला एकशे छत्तीस. उरणार अकराशे ब्याण्णव. वाढ देऊनही दीडशे रुपये वर.

फोनवर तो थोडा वेळ गप्प होता. “म्हंजे मालकाला बी हे म्हाईत असंल.”

असणारच. दरसाल दहाच टक्के का मागतात, पंधरा का नाही, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घर बदलायचा खर्च महिन्यावर पसरला की या भाड्याच्या बारा टक्क्यांच्या आसपास जातो. त्याच्या आतली वाढ माणूस गिळतो, त्याच्या वर गेली की टेम्पो बोलावतो. मालक काही वही घेऊन बसत नाहीत. पण कुठला भाडेकरू कितीला उठला, हे त्यांच्या लक्षात असतं.

मग मी त्याला सांगितलं, तुझं सामान बदलायला तुला पैसे पडतात तसे खोली रिकामी राहिली तर त्यालाही पडतात. एक महिना रिकामी म्हणजे साडेआठ हजार. डागाचा पहिला फोटो आणि आजचा फोटो दोन्ही घेऊन वर जा, आणि पाच टक्के म्हण.

दुसऱ्या दिवशी रात्री मेसेज आला. “आठ हजार नऊशे पंचवीसला ठरलं. गळती मे मध्ये काढून देतो म्हणाले. एजंट रिन्यूअलचे अर्धे मागत होता, नाही म्हणलो. अंगठा रविवारी.” खाली वहीच्या पानाचा फोटो होता. भाड्याच्या ओळीवर काट मारून नवा आकडा, आणि तळाशी, दोनदा अधोरेखित, एक हजार सहाशे सतरा.